मातंग डोंगराची अर्धी चढण

माझे वडील, अण्णा, सांगली जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत इतिहास शिकवीत. जवळजवळ तीस वर्षे दरवर्षी एकदा ते फळ्यावर खडूने विजयनगरचा नकाशा काढत. वर तुंगभद्रेचे वळण, तिच्या दक्षिण काठाला विरूपाक्षाचे देऊळ, देवळासमोर सरळ रेषेत बाजार आणि बाजाराच्या पूर्व टोकाशी एक त्रिकोण. त्या त्रिकोणात ते ‘मातंग’ असे लिहीत. हंपी त्यांनी स्वतः कधीच पाहिली नव्हती. नोकरी, बहिणींची लग्ने, माझे शिक्षण, मग आईचे दीर्घ आजारपण, असे करता करता राहून गेले. गेल्या जानेवारीत, वयाच्या ७९ व्या वर्षी, मी आणि माझा मुलगा त्यांना तिकडे घेऊन गेलो, तेव्हा त्यांची मागणी एकच होती. त्या त्रिकोणावर उभे राहून सूर्योदय पाहायचा.

मी म्हटले, “नको.”

घरात वृद्ध माणूस असलेल्या वाचकांना हा ‘नको’ चांगलाच परिचयाचा असेल. दवाखान्यात बसून मी तो दिवसातून दहा वेळा उच्चारते. जिना नको, यात्रा नको, एकट्याने बाजारात जाणे नको. म्हणणाऱ्याला त्याची काहीच किंमत मोजावी लागत नाही, म्हणून तो इतका सहज तोंडात येतो. अण्णा मात्र वादविवादात मुरलेले शिक्षक. ते म्हणाले, “रामराय माझ्यापेक्षा म्हातारा होता. तालिकोटच्या रणांगणावर गेलाच ना?”

“पालखीतून गेला होता, अण्णा. आणि परत आला नाही.”

१५६५ च्या जानेवारीत झालेल्या त्या लढाईत वयोवृद्ध रामराय पालखीतून सैन्याचे नेतृत्व करीत होता; उधळलेल्या हत्तीमुळे भोयांनी पालखी टाकली, तो पकडला गेला आणि त्याचा शिरच्छेद झाला, असे जुने वृत्तान्त सांगतात. हे मला अण्णांनीच शिकवले होते. ते हसले आणि गप्प राहिले. त्यांचे गप्प राहणे मला वादापेक्षा जड गेले.

म्हणून मुलगी बाजूला ठेवून मी डॉक्टर म्हणून विचार करायला बसले. अण्णांना वीस वर्षांपासून रक्तदाब आहे, बारा वर्षांपासून मधुमेह. दोन्ही गुडघे झिजलेले, उजवा अधिक. चष्मा दुहेरी भिंगाचा. प्रोस्टेट ग्रंथी वाढल्यामुळे दोन वर्षांपासून त्यासाठी रात्री एक गोळी. दुसऱ्या बाजूला, ते रोज तीन किलोमीटर चालतात आणि आमच्या घराचे दोन मजले न थांबता चढतात. निघण्यापूर्वी त्यांच्या फिजिशियनने तपासून हृदयाचा निर्वाळा दिला होता. चढताना छाती आवळणे, पूर्वी न लागणारा दम लागू लागणे, नुकताच येऊन गेलेला हृदयविकाराचा झटका किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब, यांपैकी काही असते तर विचार तिथेच संपला असता. मधुमेही आणि वृद्ध माणसांत हृदयाची तक्रार छातीत न दुखता केवळ दम, घाम, जबड्यातील वेदना किंवा विलक्षण थकवा या रूपाने येऊ शकते, म्हणून हे प्रश्न दोनदा विचारावेत. अण्णांच्या बाबतीत यांपैकी काही नव्हते. तेव्हा माझ्या ‘नको’मागे वैद्यकशास्त्र किती आणि भीती किती, हे मला कबूल करावे लागले.

पहिल्या दिवशी आम्ही हेमकूटावर गेलो. विरूपाक्ष मंदिराला लागून असलेला हा खडकाळ चढ फार सौम्य आहे. एकसंध कातळाचा उतार, त्यावर विखुरलेली पायऱ्यापायऱ्यांच्या शिखरांची जुनी शिवमंदिरे, त्यांतील काही विजयनगर साम्राज्याच्याही आधीची. ज्यांचे गुडघे अजिबात साथ देत नाहीत त्यांनी सूर्योदय किंवा सूर्यास्त येथूनच पाहावा. काही गमावले असे वाटणार नाही. मी अण्णांना चालता चालता बोलते ठेवले. ही आमची जुनी, बिनखर्चाची परीक्षा. चढताना माणूस पूर्ण वाक्य बोलू शकत असेल तर श्रम झेपत आहेत. दोन-तीन शब्दांवर अडत असेल तर थांबावे. अण्णांनी हरिहर-बुक्कांपासून कृष्णदेवरायापर्यंतची वंशावळ न अडखळता सांगितली. दम त्यांना नाही, नातवाला लागला.

त्या संध्याकाळी कमलापूरच्या मुक्कामी आमचा करार झाला. दोघांपैकी कोणीही ‘पुरे’ म्हटले की दुसऱ्याने वाद घालायचा नाही. शिखर हे ठरलेले ठिकाण नाही. आणि अंधारात चढायचे नाही.

तिसऱ्या कलमाला नातवाचा विरोध होता. मातंगावर जाणारे तरुण पहाटे पाचलाच विजेऱ्या घेऊन निघतात, कारण त्यांना सूर्य उगवताना शिखरावर हजर राहायचे असते. जानेवारीत तेथे सूर्य सातला दहा-बारा मिनिटे कमी असताना उगवतो. पण सूर्योदय शिखरावरूनच दिसला पाहिजे हा हट्ट सोडला, तर सव्वासहाला, पायाखालचा दगड दिसू लागल्यावर निघता येते. वाढत्या वयात डोळ्याला अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो, आणि दुहेरी भिंगाच्या चष्म्यातून खाली पाहिले की वाचनाच्या भिंगातून पायरी पुसट दिसते. मी अण्णांचा दूरचा, एकेरी भिंगाचा जुना चष्मा सोबत घेतला होता. पायऱ्यांसाठी तोच चांगला.

पहाटे पावणेपाचला त्यांना उठवले. उठल्याबरोबर चढायला लागणे बरे नव्हे. जाग आल्यानंतरच्या काही तासांत रक्तदाब स्वभावतःच वर चढतो, आणि हृदयविकाराचे झटके व पक्षाघात यांचे प्रमाण दिवसाच्या याच भागात अधिक आढळते. शरीराला तासभर द्यावा. मी साखर तपासली, १३८ होती. चहा, दोन बिस्किटे आणि एक केळे दिले. मधुमेहाची गोळी नाश्त्यापर्यंत लांबवली, कारण साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेऊन अपुऱ्या पोटी श्रम केले तर वाटेतच घाम फुटून भोवळ येऊ शकते. रक्तदाबाची गोळी मात्र नेहमीप्रमाणे दिली. पाठपिशवीत दोन लिटर पाणी, क्षारांची पाकिटे, खडीसाखर, रक्तदाबाचे यंत्र. माझा हिशेब चोख आहे, असे मला वाटत होते.

रिक्षा बाजाराच्या पूर्व टोकापर्यंत आली. तिथे अखंड शिळेतून कोरलेला प्रचंड नंदी विरूपाक्षाकडे तोंड करून बसला आहे. मध्ये सुमारे पाऊण किलोमीटरचा रिकामा बाजार, दुतर्फा दगडी खांबांच्या ओवऱ्या. रिक्षावाला तरुण होता. अण्णांचे आजोळ जतकडचे असल्यामुळे त्यांना कन्नड येते, आणि ते कळल्यापासून तो त्यांना ‘अज्जा’ म्हणू लागला होता. नंदीच्या मागून दगडी पायऱ्या सुरू होतात. “निधान, अज्जा,” तो म्हणाला. सावकाश, आजोबा.

सह्याद्रीच्या माणसाला हे डोंगर परके वाटतात. आपला बसाल्ट थरांचा, काळा, धार असलेला. येथे सगळा ग्रॅनाइट, सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा, ऊनपावसाने गोलाकार झालेला, आणि त्याचे घराएवढे धोंडे एकमेकांवर असे रचलेले की हात लावला तर गडगडतील. पायऱ्या त्याच दगडाच्या, उंचीला असमान, काही ठिकाणी पार झिजलेल्या. दव असेल तर निसरड्या.

अण्णांच्या डाव्या हातात काठी होती. काठी नेहमी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी. पुष्कळ लोक नेमके उलट करतात. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आणि काठी आधी, हा नियम मी त्यांना आठवडाभर घरच्या जिन्यावर घोकून घेतला होता. शिक्षकाला पाठांतर देण्याचे सुख मी पुरेपूर उपभोगले. दर वीस पायऱ्यांनी आम्ही थांबत होतो. थांबलो की मी बाटली पुढे करी. ते ती ओठांना लावून परत देत.

पाऊण वाट म्हणता येणार नाही, अर्धीच म्हणावी, अशा जागी एक सपाट कातळ लागला. समोर पूर्वेला उजळत चाललेले आकाश, आणि खाली, खोल हिरव्या दरीत, अच्युतरायाचे मंदिर. कृष्णदेवरायाचा धाकटा भाऊ अच्युतदेवराय याच्या काळात, १५३४ मध्ये ते उभे राहिले, आणि अवघ्या एकतीस वर्षांनी, तालिकोटच्या पराभवानंतर, सारे नगर महिनोन्‌महिने लुटले गेले. वरून पाहताना मंदिराचा संपूर्ण आराखडा एका दृष्टिक्षेपात दिसतो. दोन प्राकार, गोपुरे, मंडप, आणि त्यांच्यापासून सरळ निघालेला ओसाड बाजार.

अण्णा काठी टेकून बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, “पुरे.”

मी चमकले. हा शब्द उच्चारण्याची वेळ माझ्यावर येईल, आणि मग वाद होईल, याची तयारी मी करून आले होते.

“दमलात?”

“नाही. उतरायचंही आहे ना? आणि मला हेच पाहायचं होतं. नकाशा वरूनच पाहायचा असतो.”

उतरण्याची त्यांनी केलेली ही गणना मोलाची होती. बहुतेक माणसे चढण्याला घाबरतात. चढताना हृदय आणि फुफ्फुसे थकतात, आणि ती तसे लगेच कळवतात. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार झेलत असतात, गुडघ्यावरचा दाब वाढतो, आणि दम लागत नसल्यामुळे माणसाला आपण थकलो आहोत हे कळतच नाही. मग पाय थरथरू लागतात आणि घसरतात. शक्ती मोजायची असेल तर अर्धी परतीसाठी शिल्लक ठेवून मोजावी.

मुलगा शिखरावरच्या वीरभद्राच्या देवळाकडे निघून गेला. आम्ही दोघे कातळावर बसलो. सूर्य उगवला तेव्हा आधी वरचे धोंडे तांबूस झाले, मग केळीच्या बागांवरचे धुके, सर्वात शेवटी मंदिराचे गोपूर. वानरांची एक टोळी प्राकाराच्या भिंतीवर ऊन खायला येऊन बसली. रामायणातील किष्किंधा हीच, अशी येथील श्रद्धा आहे. मातंग ऋषींच्या शापामुळे वालीला ज्या परिसरात पाऊल टाकता येत नव्हते, तेथे सुग्रीव आश्रयाला राहिला. “म्हणजे हा मुळात भ्यालेल्यांचा डोंगर,” अण्णा म्हणाले आणि माझ्याकडे पाहून हसले. ते मग सांगत राहिले. पंढरीची विठ्ठलमूर्ती कृष्णदेवरायाने येथे आणली आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत नेली, ही आपल्याकडची परंपरा; खालच्या नदीकाठाने गेले की लागणारे विठ्ठल मंदिर आणि त्याचा मूर्तीविना गाभारा. मी शाळेत त्यांच्या वर्गात कधी बसले नव्हते. मुलींची शाळा वेगळी होती. पन्नाशी उलटल्यावर, त्या दगडावर, मी त्यांचा पहिला तास ऐकला.

वरून मुलाची हाक आली. तो हात हलवत होता. त्याला दिसावे म्हणून अण्णा चटकन उभे राहिले, दोन्ही हात वर केले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

“काळोख का झाला गं?” असे म्हणत ते माझ्या अंगावर कलंडले.

पुढचे मी यंत्रासारखे केले. त्यांना कातळावर आडवे केले, पाठपिशवी पायांखाली सारून पाय उंच केले, नाडी धरली. नाडी जलद पण नियमित होती. छातीत दुखत नव्हते. बोलणे स्पष्ट, चेहरा सरळ, दोन्ही हातांची पकड सारखी. साखर १२१. आडवे असतानाचा रक्तदाब ११८/७०. पाच मिनिटांनी त्यांना बसवून पुन्हा मोजला, तो ८८/५६.

बसताना किंवा उभे राहताना रक्त पायांकडे उतरते. निरोगी शरीर रक्तवाहिन्या आवळून ते क्षणात सावरते. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर त्याला आम्ही स्थितिजन्य रक्तदाब-घट म्हणतो. म्हातारपणातील कितीतरी पडझडीचे आणि खुब्याच्या अस्थिभंगाचे मूळ यात असते. अण्णांचा आकडा तर नुसते बसल्यावरच तिसाने उतरला होता. शरीरात पाणी कमी पडल्याखेरीज हे होईना.

“अण्णा, कालपासून पाणी किती प्यायलात?”

उत्तर नाही.

“मी बाटली देत होते ती?”

“नुसती ओठाला लावत होतो.” मग दरीकडे पाहत, अगदी हळू आवाजात ते बोलले, “दर तासाला जावं लागतं. सांगलीहून येताना गाडी किती वेळा थांबवायला सांगायची? आणि इथे डोंगरावर कुठे जाणार? तू बरोबर.”

सात-आठ तासांचा प्रवास, दोन दिवसांची भटकंती, आणि या सगळ्यात त्यांनी मोजून चार-पाच पेले पाणी घेतले होते. त्यात रात्रीची प्रोस्टेटची गोळी. ती मूत्रमार्गाचे स्नायू सैल करते, पण काही प्रमाणात रक्तवाहिन्याही सैल करते. आणि त्यावर पहाटे मी माझ्या हाताने दिलेली रक्तदाबाची गोळी, जिच्यात लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर काढणारे औषध मिसळलेले आहे. तीन गोष्टी एकत्र आल्या होत्या. त्यांतली एक त्यांनी लपवली होती, दोन मला माहीत होत्या आणि मी त्यांची बेरीज केली नव्हती. मी छातीबद्दल दोनदा विचारले, गुडघ्यांबद्दल रोज विचारले. लघवीबद्दल एकदाही विचारले नाही. परक्या रुग्णाला मी तो प्रश्न बिनदिक्कत विचारते. वडिलांना विचारण्याचा मला संकोच वाटला, आणि त्यांना सांगण्याचा.

त्या कातळावर आम्ही आणखी तासभर बसलो. पाकिटावर लिहिल्याप्रमाणे एक लिटर पाण्यात क्षार मिसळले आणि घोटघोट पाजले. मधुमेह्यांच्या घरी क्षारपाण्यातील साखरेची भीती असते. पण एका पेल्यात ती तीन ग्रॅमच्या आतबाहेर असते, आणि पाणी कमी पडलेल्या माणसाला त्या क्षणी त्याची गरज असते. म्हातारपणी तहानेची जाणीवच मंदावते, म्हणून ‘तहान लागली की पितील’ या भरवशावर राहू नये, हे मी लोकांना वर्षानुवर्षे सांगत आले आहे.

मुलगा धावत खाली आला होता. अर्धा लिटर पोटात गेल्यावर काही वेळाने अण्णांनी त्याला जवळ बोलावून कानात काही सांगितले. दोघे एका प्रशस्त धोंड्यामागे गेले. मी पाठ करून नदीकडे पाहत उभी राहिले. ते परत आले तेव्हा मुलगा हसू दाबत होता आणि अण्णा बरेच प्रसन्न दिसत होते.

बसून रक्तदाब ११४, उभे राहून १०६, आणि भोवळ नाही, हे पाहिल्यावरच आम्ही निघालो. आधी बसून घोटे वरखाली हलवायचे, मग काठीवर उठायचे, मिनिटभर उभे राहायचे, मगच पाऊल टाकायचे. मुलगा एक पायरी खाली, अण्णांकडे तोंड करून, मी मागे. आधार देणाऱ्याने नेहमी उताराच्या बाजूला असावे. वेळ फार झाला म्हणून तो रिक्षावाला तरुण निम्म्या पायऱ्या चढून आम्हाला शोधत आला होता. त्याने काही न विचारता अण्णांचा दुसरा हात धरला आणि नंदीपर्यंत सोडला नाही. चढायला आम्हाला अर्धा तास लागला होता. उतरायला पाऊण तास लागला.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या फिजिशियनशी फोनवर बोलले. प्रवासाच्या आणि उन्हाच्या दिवसांत मीठ-पाणी काढणारे औषध कमी करावे की नाही, गोळ्यांच्या वेळा कशा बदलाव्यात, हे त्यांनी ठरवून दिले. वाचकांनीही आपल्या गोळ्या माझ्या या कथेवरून स्वतःच्या मनाने कमीजास्त करू नयेत. डोंगरावर जाण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांसमोर सगळ्या गोळ्या मांडाव्यात, प्रोस्टेटचीसुद्धा. आणि वडील-मुलीतला तो प्रश्न कोणाला जड जात असेल, तर नातवाला मध्ये घालावे. आमच्याकडे तेव्हापासून ते खाते त्याच्याकडे आहे.

दुसऱ्या दिवशी विठ्ठल मंदिरात गेलो, विजेच्या गाडीतून. अण्णांनी दगडी रथाला एक फेरी मारली, मग सावलीत बसून स्वतःहून बाटली मागितली आणि निम्मी रिकामी केली. परतीच्या वाटेवर मोटार चार वेळा थांबली. तिसऱ्या थांब्यानंतर, हुबळी मागे पडल्यावर, ते एकदम म्हणाले, “रायगडाला पाळणा आहे ना?”

“आहे.”

“आणि वर मुतारी?”

हा शब्द त्यांनी माझ्यासमोर कधी उच्चारला नव्हता.

“चौकशी करते,” मी म्हटले.